एका जोडरस्त्याची कैफियत

राज्य महामार्ग म्हटला की डोळ्यांपुढे उभा राहतो तो जिल्ह्यामागून जिल्हे ओलांडीत जाणारा लांबलचक रस्ता. भिवंडी-कल्याण-शीळ रस्ता या चित्रात बसत नाही. सरकारी दप्तरात तो राज्य महामार्ग क्रमांक ४० म्हणून नोंदलेला असला, तरी भिवंडीपासून शिळफाट्यापर्यंतची त्याची लांबी अवघी २१ किलोमीटर आहे. रस्ता मोकळा असेल तर हे अंतर अर्ध्या तासाचे. परंतु कल्याण-डोंबिवलीचा शिक्षक, कारकून किंवा विद्यार्थी अर्ध्या तासाचा हिशेब धरून या रस्त्यावर पाऊल ठेवीत नाही. तो घरातून निघतानाच कोंडीचा वेळ हिशेबात धरतो आणि संध्याकाळी परतताना तो हिशेबही चुकलेला असतो.

या रस्त्याची चर्चा कमी होते असे नाही. वृत्तपत्रे, सभागृहे आणि निवडणुकांची व्यासपीठे या सर्व ठिकाणी ती होते. मात्र खड्डे, कोंडी आणि पूल या तीन शब्दांपलीकडे ती सहसा जात नाही. वस्तुतः हे तिन्ही रोगाचे दृश्य परिणाम होत. मुळाशी प्रश्न निराळे आहेत. हा रस्ता कोणत्या कामासाठी होता, त्याच्यावर मागाहून कोणकोणती कामे येऊन पडली आणि त्याच्या आधाराने जे धन निर्माण झाले ते कोणाच्या पदरात गेले, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधल्याखेरीज आणखी एका पुलाचे उद्घाटन करून फारसे काही साधणार नाही.

दोन थोरल्या रस्त्यांमधील दुवा

देशातील रस्त्यांची आजची वर्गवारी १९४३ साली नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने घालून दिली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजेच पुढचे राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामरस्ते अशी ही उतरंड आहे. तिच्यात राज्य महामार्गाचे काम स्पष्ट आहे. महत्त्वाची शहरे एकमेकांशी आणि राष्ट्रीय महामार्गांशी जोडावयाची. या कसोटीवर भिवंडी-कल्याण-शीळ रस्ता लांबीने लहान असला तरी मानाने लहान ठरत नाही. त्याचे उत्तरेकडचे टोक राजनोलीपाशी मुंबई-आग्रा रस्त्याला भिडते. दक्षिणेकडचे टोक शिळफाट्याला ठाणे-मुंब्रा-पनवेल रस्त्याला, म्हणजे पुण्याकडे व पुढे दक्षिणेत जाणाऱ्या जुन्या राष्ट्रीय महामार्गाला मिळते. उत्तर हिंदुस्थान आणि दक्षिण यांच्याकडे जाणाऱ्या दोन थोरल्या वाटा मुंबईच्या पाठीशी जोडणारा हा दुवा होय.

या दुव्यावरील दोन शहरे प्राचीन व्यापारपेठा आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे आहेत. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी ही दोन्ही ठाणी एकाच मोहिमेत घेतली, आणि कल्याणच्या खाडीकाठी दुर्गाडी किल्ला उभा राहिला. मराठी आरमाराचा आरंभ याच खाडीशी जोडला जातो. ही दोन गावे इतिहासात जोडीने नांदत आली ती खाडी आणि घाटवाटा यांच्या बळावर.

लोहमार्गाने ही जोडी फोडली. १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आलेली गाडी १ मे १८५४ रोजी कल्याणला पोचली आणि थोड्याच वर्षांत कल्याण हे नाशिक व पुणे या दोन दिशांना फुटणाऱ्या मार्गांचे जंक्शन झाले. भिवंडी मुख्य लोहमार्गाबाहेर राहिली. तिला रस्त्यावरच विसंबावे लागले. तिकडे कल्याणमध्ये रूळांनी गावाचे दोन भाग केले. लोहमार्ग ओलांडणारा पत्रीपूल १९१४ सालचा. म्हणजे रूळांपलीकडे शीळच्या बाजूस जाणारी वाट त्या काळीच पुलाची मागणी करण्याइतकी वाहती झाली होती. तरीही ही वाट भातखाचरांतून आणि आगरी वस्तीच्या गावांतून जाणारी ग्रामीण वाटच होती. नेतिवली, गोळवली, सोनारपाडा, मानपाडा, काटई, निळजे, देसाई, खिडकाळी, शीळ ही नावे आज बसथांब्यांची आणि गृहसंकुलांची वाटतात. ती मुळात भात पिकविणाऱ्या गावांची आहेत.

भातशेतीतून कारखान्यांकडे

या गावांच्या आर्थिक जीवनातील पहिली मोठी घटना रस्त्याची नसून जमिनीची आहे. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. पिढ्यान्‌पिढ्या खोती-सावकारीखाली राबलेल्या कुटुंबांच्या नावावर प्रथमच सातबारा चढला. मात्र मालकीची शाई वाळते न वाळते तोच भूसंपादनाच्या नोटिसा आल्या. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने त्याच दशकात डोंबिवलीच्या पूर्वेस वसाहत उभारली. रसायने, रंग, औषधे व कापडप्रक्रिया यांचे कारखाने आले. मोटारींचा मोठा कारखानाही याच रस्त्यालगत उभा राहिला. राज्य महामार्ग आता दोन शहरांमधला दुवा राहिला नाही. तो कारखान्यांचे प्रवेशद्वार झाला.

भूसंपादन ही या मुलुखातील जुनी जखम आहे. काटईहून बदलापूरकडे फुटणाऱ्या रस्त्यावरील नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी शेतजमिनी घेण्यात आल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून तिथल्या शेतकऱ्यांचे आंदोलन जून २०१७ मध्ये, म्हणजे पाऊणशे वर्षांनंतर, भडकले. सरकार जमीन घेते तेव्हा काळाची घाई असते आणि मोबदला देते तेव्हा नसते, ही भावना या गावांत उगाच रुजलेली नाही. शीळ रस्त्याच्या रुंदीकरणात गेलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठीही शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे दाद मागावी लागली.

कारखान्यांपाठोपाठ गोदामे आली. मुंबईच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर जकात होती. तेव्हा माल हद्दीबाहेर, परंतु मुंबईपासून हाकेच्या अंतरावर साठवावा आणि लागेल तसा आत न्यावा, हा व्यापाऱ्यांचा सरळ हिशेब होता. भिवंडीभोवतीच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत गोदामांचे जाळे पसरले ते याच हिशेबाने. १९८९ साली न्हावाशेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि बंदर ते गोदाम अशी कंटेनरची वाहतूक वाढत गेली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली. पण गोदामे गेली नाहीत. एकदा जमलेली बाजारपेठ तिला जन्म देणारे कारण संपल्यावरही टिकते, या अर्थशास्त्रातील नियमाचे याहून ठसठशीत उदाहरण शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही.

रूळ मुंबईकडे, कामे नवी मुंबईकडे

रस्त्यावर पडलेले तिसरे ओझे माणसांचे. डोंबिवली आणि कल्याण ही मुंबईत पोट भरणाऱ्या मध्यमवर्गाची निवासस्थाने. लोहमार्ग मुंबईकडे नेत होता तोवर नोकरीही मुंबईतच होती आणि शीळ रस्त्याशी चाकरमान्याचा फारसा संबंध नव्हता. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई आकारास आली, महापे-तुर्भे पट्ट्यातील कारखान्यांच्या जोडीला माहिती तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या आल्या, आणि कामाची दिशा बदलली. रूळ मात्र जिथे होते तिथेच राहिले. कल्याणहून वाशीस लोकलने जावयाचे तर ठाण्यास गाडी बदलावी लागते. परिणामी शिळफाट्यावरून महाप्याकडे जाणारी बस, रिक्षा किंवा स्वतःची दुचाकी हाच हजारोंचा मार्ग ठरला.

याप्रमाणे एकाच डांबरी पट्ट्यावर तीन प्रकारची वाहतूक येऊन आदळली. लांब पल्ल्याचे कंटेनर, औद्योगिक वसाहतीचे टँकर आणि कामावर निघालेली माणसे. या तिघांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. कंटेनरला अडथळ्याविना सरळ जावयाचे असते. बसला दर अर्ध्या किलोमीटरवर थांबावयाचे असते. शाळकरी मुलाला रस्ता ओलांडावयाचा असतो. महामार्गाने गल्लीचे काम करावे आणि गल्लीने महामार्गाचे, अशी अपेक्षा ठेवली की दोन्ही कामे बिघडतात.

ही यंत्रणा किती नाजूक आहे हे २०१८ साली दिसून आले. त्या वर्षी मुंब्रा बाह्यवळण रस्ता दुरुस्तीसाठी बंद ठेवण्यात आला आणि तिथली अवजड वाहतूक या बाजूस लोटली गेली. त्याच वर्षी शंभरी ओलांडलेला पत्रीपूल धोकादायक ठरला आणि नोव्हेंबरमध्ये तो उतरविण्यात आला. नवा पूल वाहतुकीस खुला झाला तो २५ जानेवारी २०२१ रोजी. मधली दोन वर्षे कल्याणच्या पूर्व-पश्चिम व्यवहारांची जी ओढाताण झाली, तिची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिली गेली नाही. चाकरमान्याचा वेळ हा खर्च आहे, हे आपल्या सार्वजनिक हिशेबाने अद्याप मान्य केलेले नाही.

गावे आत, गावे बाहेर

एवढे ओझे वाहणाऱ्या रस्त्याचा धनी कोण, असे विचारले तर उत्तर सोपे नाही. टोल घेऊन रुंदीकरण आणि पुढे काँक्रीटीकरण व सहापदरीकरण ही कामे राज्य रस्ते विकास महामंडळाकडे. वाटेतील गावांचे नियोजन कधी महापालिकेकडे, कधी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. औद्योगिक वसाहत तिच्या महामंडळाकडे. २१ किलोमीटरच्या या पट्ट्याला भिवंडी, कल्याण-डोंबिवली व ठाणे अशा तीन महापालिका आणि मध्ये कोनसारख्या ग्रामपंचायती लागतात.

यांतील सर्वांत चमत्कारिक कहाणी २७ गावांची आहे. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महापालिका स्थापन झाली तेव्हा रस्त्यालगतची ही गावे तिच्यात घालण्यात आली. कर आला, सोयी आल्या नाहीत, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. दीर्घ आंदोलनानंतर २००२ साली गावे वगळण्यात आली. १ जून २०१५ पासून ती पुन्हा आत आली. २०२० साली त्यांतील १८ गावे पुन्हा बाहेर काढण्याचा निर्णय झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. गाव आत की बाहेर हा वाद चालू असताना जमीन काही थांबली नव्हती. खाचरांच्या जागी चाळी आल्या, चाळींच्या जागी इमारती आल्या, आणि शंभर-शंभर एकरांच्या विशेष नगरवसाहतींच्या धोरणाचा आधार घेऊन निळजे-खोणी परिसरात एक संपूर्ण नवे नगरच उभे राहिले. नियोजन मागे राहिले आणि घरे पुढे गेली.

याची किंमत पैशात मोजून भागणार नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ बेकायदा उभारलेली सात मजली इमारत कोसळली आणि ७४ माणसे प्राणास मुकली. मे २०२२ मध्ये संदप गावाच्या खदानीत एकाच कुटुंबातील पाच जण बुडाले. घरी पाण्याची टंचाई म्हणून ती माणसे खदानीवर कपडे धुण्यास गेली होती. बारवी धरणाचे पाणी ज्या भागातून मोठाल्या नळांनी कारखान्यांकडे जाते, त्याच भागातील ही घटना आहे. २०२४ साली उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. बनावट परवान्यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या त्या इमारतींत आयुष्याची पुंजी घालणारी माणसे कोणी धनिक नव्हती.

वाढलेले मोल कोणाचे?

येथे मूळ आर्थिक प्रश्नापाशी यावे लागते. डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली खंडाचा सिद्धान्त मांडला. जमिनीचे मोल मालकाच्या श्रमाने वाढतेच असे नाही. सुपीकतेने वाढते, आणि पुढच्या विचारवंतांनी दाखविल्याप्रमाणे बाजाराच्या सान्निध्यानेही वाढते. निळज्याच्या खाचराची सुपीकता गेल्या ५० वर्षांत वाढलेली नाही. वाढले ते त्याचे स्थानमूल्य. ते वाढविणारा रस्ता सार्वजनिक पैशातून आणि टोल भरणाऱ्या प्रवाशाच्या खिशातून झाला. चार पदर झाले, भाव चढले. सहा पदरांची घोषणा झाली, आणखी चढले. कल्याण-तळोजा मेट्रोचे भूमिपूजन २०२४ साली झाले. तिचे खांब उभे राहण्यापूर्वीच तिचे नाव घरांच्या जाहिरातींत झळकले.

ही वाढ कोणाकडे गेली? काही अंशी मूळ शेतकऱ्याकडे गेली, हे नाकारता येणार नाही. परंतु ज्याने लवकर विकले त्याला खाचराचा भाव मिळाला आणि ज्याने थांबून घेतले त्याला नगराचा. ज्याची जमीन रस्त्यात गेली त्याला मोबदल्यासाठी खेटे घालावे लागले; ज्याची जमीन रस्त्याला लागून राहिली तो बसल्या जागी श्रीमंत झाला. दोघांमधील अंतर कर्तृत्वाचे नव्हे, मोजणीदाराच्या साखळीचे. मोठा वाटा मात्र जमिनी एकत्र करून धरून ठेवण्याची ऐपत असणाऱ्यांकडे गेला. आणि ज्याने सदनिका घेतली त्याने हे वाढीव मोल कर्जाच्या हप्त्यांतून भरले, वर रोजच्या कोंडीतूनही भरले.

अशा स्थितीत केवळ रस्ता रुंद करणे हा उपाय ठरत नाही. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ सालीच दाखवून दिले होते की, शहरातील रस्ता रुंद केला की गर्दीच्या वेळची वाहतूकही त्या प्रमाणात वाढून पुन्हा पूर्वीच्याच कोंडीपाशी येते. शीळ रस्त्यावर तर प्रत्येक नवा पदर नव्या गृहसंकुलांना आमंत्रण देतो. पदर वाढवावयाचा, त्याच्या भरवशावर घरे वाढवावयाची आणि घरे वाढली म्हणून पुन्हा पदर वाढवावयाचा, हे चक्र पैशाने थांबणारे नाही.

उपाय आपल्याच कायद्यात

उपायासाठी परदेशी तज्ज्ञ बोलाविण्याची गरज नाही. १९१५ सालच्या मुंबई नगररचना अधिनियमाने एक शहाणपणाची पद्धत घालून दिली होती. गावातील सर्व जमिनी एकत्र हिशेबात घ्यावयाच्या, त्यांतून रस्ते, शाळा, मैदाने यांसाठी प्रत्येकाचा वाटा कापावयाचा, उरलेले सुधारित भूखंड मूळ मालकांना परत द्यावयाचे आणि वाढलेल्या मोलातील काही भाग सार्वजनिक कामासाठी वसूल करावयाचा. रस्त्यात जमीन गेली म्हणून एक बुडाला आणि रस्ता शेजारून गेला म्हणून दुसरा तरला, हा अन्याय या पद्धतीत टळतो. गुजरातने ती टिकविली आणि अहमदाबादभोवतीचा वर्तुळाकार रस्ता मुख्यतः तिच्या आधारे उभारला. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही ही तरतूद आहे. तिचा पुरेसा वापर झाला नाही, एवढेच.

दुसरी गोष्ट, रस्त्याच्या कामांची फाळणी. लांब पल्ल्याच्या वाहतुकीला वेगळी वाट मिळाली पाहिजे. माणकोली-मोठागाव पूल डोंबिवलीकरास ठाण्याची जवळची वाट देतो. पारसिक डोंगरातील बोगद्याचा ऐरोली-काटई मार्गही या दृष्टीने उपयुक्त ठरेल. मात्र बोगद्यातून निघालेली वाहने काटईस याच रस्त्यावर ओतली जाणार असतील, तर कोंडीची जागा बदलेल, कोंडी नव्हे. तिसरी गोष्ट, या २१ किलोमीटरसाठी एकच जबाबदार यंत्रणा हवी. जिच्या दारात नागरिकाने उभे राहावे आणि जिने दुसऱ्या दाराकडे बोट दाखवू नये. चौथी व सर्वांत साधी गोष्ट, पाणी, मलनिस्सारण आणि बससेवा यांची तरतूद प्रत्यक्ष झाल्याखेरीज नव्या नगरवसाहतींना राहण्याचा परवाना मिळू नये. कागदावरील आश्वासनाने कोणाची तहान भागत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, अशा अटी घातल्या तर घरे महाग होतील आणि गरिबाला निवारा मिळणार नाही. हा आक्षेप पोकळ नाही. परंतु अटी नसतानाही घरे स्वस्त झाली नाहीत. स्वस्त झाले ते फक्त बेकायदा घर, आणि त्याची खरी किंमत शिळफाट्याने २०१३ साली पाहिली. स्वस्त घराची जबाबदारी शासनाने उघडपणे घ्यावी. ती नियमभंगाकडे डोळेझाक करून पार पाडता येत नाही.

२०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती आणि भिवंडीची सात लाखांवर. एवढ्या लोकवस्तीचा भार आज ज्या रस्त्यावर आहे, तो कधी काळी भाताच्या गाड्यांसाठी पुरेसा होता. रस्त्याचा यात दोष नाही. त्याने जे काम सांगितले ते केले. काम सांगणाऱ्यांनी मात्र एकमेकांना विचारले नाही. देसाई आणि खिडकाळीच्या बाजूस अजून काही खाचरे शिल्लक आहेत. त्यांचे काय करावयाचे हे ती विकली जाण्यापूर्वी ठरविता येईल काय, हा या घडीचा प्रश्न आहे. मागाहून ठरविण्याचा अनुभव या रस्त्याने पुरेसा घेतला आहे.